तांबोशाचं ताट

विहीणबाई, तुझ्या घरचं सुतक फिटलं. आज सर्वणच्या या घरात पुन्हा मासळी शिजणार. मेघा सकाळीच डिचोलीच्या बाजारात जाऊन एक मोठा तांबोसा घेऊन आली आणि आता मागच्या दारी बसून तो साफ करते आहे. मी पुढच्या सोप्यावर, तुझ्या जागेवर बसले आहे. येणारे-जाणारे विचारतात, आत का नाही बसत? मी सांगते, इथे वारा बरा आहे. खरं म्हणजे तांबोसा साफ करणाऱ्या तुझ्या मुलीकडे मला अजूनही बघवत नाही. का ते तिला ठाऊक नाही. तुला ठाऊक होतं, आणि तू तर उठून गेलीस.

तेव्हा आपलं भांडण आता मला एकटीलाच पुढे चालवायचं आहे. भांडण एकच, जुनंच. त्या दिवशी, त्या बेटावर, तुला माहीत होतं की नव्हतं? किती वर्षं विचारत आले मी. विमानात विचारलं, आपल्या नातीच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात असताना विचारलं, फोनवर तर कितीदा. तुझं उत्तर ठरलेलं. "माका भूक लागलेली गे." एवढं बोलून तू भाताला पाणी ठेवायला निघून जायचीस. इतका राग यायचा मला! अजूनही येतोय.

लोकांना वाटतं, मुलाची आई आणि मुलीची आई म्हणजे लग्नापुरत्या विहिणी, पुढे चतुर्थीला नारळ पाठवण्यापुरत्या. आपलंही तसंच चाललं असतं. मी पेडण्यातल्या मांद्र्याची, शाळामास्तरीण. आमचे हे तुयेच्या कारखान्यात सुपरवायझर. समुद्र घराच्या मागे, त्यामुळे मासळीतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा रुबाब. तू डिचोलीकडची. तुझा नवरा खाणीच्या ट्रकावर आणि तू शेतात. माझ्या योगेशने तुझी मेघा पसंत केली आणि मी पहिल्यांदा सर्वणला आले, तेव्हा तू दाराआड उभी होतीस. मी जेवून हात धुवेपर्यंत तू पाणीसुद्धा प्यायली नाहीस. वरमाईच्या आधी जेवायचं नाही, वरमाईने वाढलेल्या ताटाला नाव ठेवायचं नाही, हे तुझ्या आईने तुला शिकवलं होतं म्हणे. मी म्हणायचे, अहो बसा हो, कुठल्या काळात राहताय? तू म्हणायचीस, "तुमी जेवा. माजां मागीर." पुढे मांद्र्याला आलीस तरी तेच. मी माशाचं खारट हुमण वाढलं तरी तू "बरां जालां" म्हणून भाताबरोबर संपवायचीस. तुझ्या तोंडून एकदा तरी नाव ठेवून घ्यावं म्हणून मी मुद्दाम बिनमिठाची आमटीही वाढून बघितली. तीही "बरी जाली."

मग योगेशला ती नोकरी लागली. प्रशांत महासागरात, नकाशावर पेन टेकवलं तर ठिपक्याखाली झाकली जातील अशी बेटं. जुन्या नकाशांत त्या जागेला ट्रुक म्हणतात. महायुद्धात जपानी आरमार तिथे नांगर टाकून होतं, आणि अमेरिकेच्या विमानांनी दोन दिवसांत बोटीच्या बोटी तळाला धाडल्या. त्या अजून तिथेच आहेत. त्यांच्या पोटातलं तेल आता गळायला लागलंय म्हणून तपासणी करणाऱ्या एका कंपनीत आपला योगेश. मेघा त्याच्याबरोबर गेली, तिथेच तिला दिवस गेले, आणि सातवा लागताना तिचा फोन आला, आई, तुम्ही दोघी या. इथे मला कोणी नाही.

आपण दोघी निघालो. तुला पासपोर्टातला फोटो आवडला नव्हता, आठवतं? "चोरटी कशी दिसतंय," म्हणालीस. मी माझ्या बॅगेत सोलं, उकडे तांदूळ आणि गूळ भरला. तू तुझ्या बॅगेत खोबरं खवणायची आख्खी आदोळी घातलीस. लोखंडाचं ते धूड! विमानतळावरचा माणूस बॅग उघडून बघतच राहिला. मी त्याला समजावत होते आणि तू शांतपणे मला सांगत होतीस, "पोरीक हुमण करूंक जाय तर नाल्ल कसो खवणतलां?" ती आदोळी तू तिथे पोचवलीसच. पुढे येताना घरमालकिणीला दिलीस. आज ती तिथल्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असेल.

बेट बघून तू हसायला लागलीस. म्हणालीस, एवढी विमानं बदलून आपण परत मोरजेक आयलो. माड, केळी, फणसासारखी ती झाडं, रस्त्यावर निवांत झोपलेली कुत्री. फक्त पाणी वेगळं. त्या पाण्याला आपल्यासारखी लाट नव्हती. चहूकडून प्रवाळाचं कडं आणि आत एवढं मोठं, स्वच्छ, थांबलेलं पाणी. योगेश आपल्याला एका सकाळी होडीने घेऊन गेला. एका जागी त्याने मशीन बंद केलं आणि म्हणाला, आई, खाली बघा. आपण दोघी कडेवरून वाकलो. आधी मला काहीच दिसेना. मग एक डोलकाठी दिसली, तिच्याखाली दुसरी, आणि मग एकदम कळलं की आपल्या पायाखाली भलीमोठी बोट कुशीवर निजलेली आहे. तिच्यातून तेलाचा एकेक थेंब वर यायचा आणि पाण्यावर फुटून रंगीत चकती पसरायची. मला होडीची कड घट्ट धरावीशी वाटली.

तू विचारलंस, "माणसां खंय गेलीं?" योगेश म्हणाला, काहींचे सांगाडे नंतर काढून नेले, बाकीचे आतच आहेत.

तुझा चेहरा बदलला. तू पदर डोक्यावरून घेतलास, हात जोडलेस, आणि भर होडीत गाऱ्हाणं घालायला सुरुवात केलीस. आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं गावकार घालतो, गावचा मानकरी, पुरुष माणूस. मी कोपराने ढोसलं तर तू डोळे न उघडताच म्हणालीस, "हांगा गावकार खंय आसा? कोणे तरी घालूंक जाय मगे." आणि पुढे, "बा म्हाराजा, ह्या पाण्याच्या राखणदारा, हीं आमचीं पोरां तुज्या घरात काम करूंक आयल्यात. इतके लोक हांगा बुडल्यात, तेंचां घर हें. चुकलां माकलां सांबाळून घे, पोटातल्या भुरग्याक सांबाळ." मग तू थांबलीस. प्रत्येक वाक्याला कुणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणायला हवं असतं. तू माझ्या मांडीवर चापट मारलीस. "म्हणा हो!" मग म्हणाले मी, व्हय म्हाराजा. योगेश दुसरीकडे बघत होता. होडीच्या मागच्या टोकाला त्याचे मदतनीस टोप्या काढून उभे राहिले होते, हे आपण मागे वळलो तेव्हा पाहिलं.

परतीच्या वाटेवर तू त्या बोटींचं लोखंड आमच्या डिचोलीचंच असणार म्हणून हट्ट धरलास. नवरा आयुष्यभर जपानला जाणारा माल ट्रकातून धक्क्यावर ओतत होता, तेव्हा ते जपान तुझ्या घरचंच. मी सांगितलं, त्या बोटी बुडाल्या तेव्हा तुमच्या खाणी धड सुरूही झाल्या नव्हत्या. तू विचारलंस, मग तेंनी लोखंड खंयसून हाडलां? हे भांडणही राहूनच गेलं बघ.

आता त्या दिवसाकडे येते. टाळून किती टाळणार?

योगेश पहाटपाळी करून आला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला मासा. त्याच्या बोटीवरच्या एका फिलिपिनो वेल्डरने बुडालेल्या बोटीवर गळ टाकून दोन पकडले आणि एक याला दिला. मी पान उघडलं आणि मला माहेर भेटल्यासारखं झालं. तांबोसा! जरा काळपट लाल, पण तांबोसाच. मेघा महिनोन् महिने हुमण-हुमण करत होती आणि तिथे डब्यातल्या मासळीवर दिवस काढत होती. मी कल्ले उचलून बघितले, लालभडक. डोळे तुकतुकीत. अंगठा दाबला तर मांस लगेच वर आलं. मी जाहीर केलं, सोन्यासारखं नुस्तं आहे, अस्सल ताजी मासळी. आपल्याकडे एवढं बघितलं की झालं. मासा ताजा म्हणजे चांगला, याच्या पलीकडे मला कुणी काही शिकवलं नव्हतं. योगेश तसाच पुन्हा कामावर गेला, संध्याकाळी येऊन जेवतो म्हणाला.

तू मासा घेऊन अंगणातल्या नळावर गेलीस. मी आत वाटणाला लागले. बऱ्याच वेळाने तू आलीस ती गप्प. मला वाटलं, दमली असेल. हुमण मीच केलं. वास घरभर सुटला, मेघा ताट घेऊन येऊन बसली, आणि तू म्हणालीस, "आता न्हय. सांजेक."

का म्हणून विचारलं तर, सातव्या महिन्यातल्या बाईने उन्हं असताना लाल मासा खायचा नसतो.

मी म्हटलं, ही कुठली रीत? आमच्या पेडण्यात असलं काही नाही.

"आमच्याकडेन आसा."

"पेडणं आणि डिचोली काय दोन देश आहेत का हो?"

तू टोपावर झाकण घातलंस. मेघा रडकुंडीला आली. आई, मला भूक लागलीय गं. तू तिच्यापुढे पेज आणि लोणचं ठेवलंस. आणि मग तू जे केलंस ते बघून मी थक्कच झाले. एक मूद भात आणि मासळीचा तुकडा केळीच्या पानावर घेऊन तू पाण्याच्या कडेला ठेवून आलीस, हात जोडलेस, परत आलीस, ताट घेतलंस आणि माझ्या आधी जेवायला बसलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बरं, घेतलंस काय, तर तांबोशाचं डोकं. ज्याच्यावर घरातल्या मोठ्या माणसाचा मान असतो, ते. काट्याकाट्यातून चोखून खाल्लंस. मी समोर उभी. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं मला. मी म्हणाले, असू दे, मीही संध्याकाळीच जेवेन. आणि फुगून खोलीत जाऊन पडले. त्या फुगण्याने मला वाचवलं, हे लोकांना सांगितलं तर हसतील.

दुपार उतरली. मी बाहेर आले तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस आणि पदराने ओठ पुन्हा पुन्हा पुसत होतीस. मी विचारलं, काय झालं? "काय ना." तोंडाला मुंग्या आल्यासारखं वाटतंय, म्हणालीस. पाणी मागितलंस. मी फ्रिजमधल्या बाटलीतलं काचेच्या कोपात ओतून दिलं. तू कोप ओठाला लावलास आणि किंचाळून फेकून दिलास. "कढत पाणी कित्याक दिलां?"

बाहेरून दव आलेला काचेचा कोप तो, फुटून माझ्या पायाशी. थंडगार पाणी फरशीवर. मला वाटलं, माझ्या रागाची चेष्टा करते आहे. मी काहीतरी तोडून बोलणार होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून मेघाचा आवाज आला, "ऊन गेलं गं आई. मी वाढून घेतेय." टोपावरचं झाकण सरकल्याचा आवाज.

तू उठायला गेलीस आणि तुझे पाय दुमडले. दुसऱ्यांदा गेलीस, पुन्हा बसलीस. मग तू ओरडलीस. माझ्यावर. सगळं तुमी-आमी विसरून.

"तिका वाडूं नाका गे! आयकतंस मां तू? धर तिका!"

मी जागच्या जागी. मला काही कळेचना. धर म्हणजे काय, कुणाला? तू हातांवर आणि गुडघ्यांवर सरपटत स्वयंपाकघरात गेलीस. मेघाच्या ताटात भात होता, वाढायची डवली टोपात बुडलेली. तू तिच्या गाऊनची कड ओढलीस, ती भेलकांडली, मी मागून तिला धरलं, आणि तू वर हात करून टोपच खाली ओढलास. सगळं हुमण फरशीवर. तुझ्या हातावर, साडीवर. तांबोशाचे तुकडे चुलीखाली गेले. मेघा पुन्हा पुन्हा आई, आई म्हणत होती आणि मी, देवा, माझ्या मनात आधी काय आलं तर, माझं हुमण!

आवाजाने घरमालकीण धावत आली. रोझा. म्हापशाच्या बाजारात शोभेल असं नाव आणि तशीच धिप्पाड. तिने फरशीवर बघितलं, तुझ्याकडे बघितलं, नळ सोडून तुझा हात थंड पाण्याखाली धरला. तू भाजल्यासारखी हात ओढून घेतलास. रोझाने मान हलवली आणि ती गाडी काढायला पळाली. जाता जाता मेघाच्या पोटाकडे बोट करून मला एकच विचारलं, हिने खाल्लं? मी म्हणाले, नाही. तू? नाही. तिने छातीवर क्रूस केला.

त्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरने मला समजावलं. तिथल्या काही जागच्या माशांत विष असतं. दगडावरच्या शेवाळातून लहान मासा खातो, त्याला मोठा खातो, असं साठत जातं. माशाला काही होत नाही. वास नाही, चव नाही, शिजवून जात नाही, ताजेपणाशी तर संबंधच नाही. तिथे लोक मासा कुठला ते विचारतात, किती ताजा ते नाही. बुडालेल्या बोटींवरचा त्या जातीचा मासा बेटावरचं कुणी खात नाही. डोक्यात सगळ्यात जास्त. थंड वस्तू पोळते ही त्याची खूण. पोटातल्या मुलाला फार वाईट झालं असतं, म्हणाला. तुझी नाडी अगदी मंद पडली होती. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, आणि आता वाट बघा म्हणाला. पलीकडच्या खाटेवर तो वेल्डर होता. कण्हत होता बिचारा.

मी बाहेर व्हरांड्यात आले. समोर ते थांबलेलं पाणी. मेघा पायरीवर बसलेली, दोन्ही हात पोटावर. काय करावं ते सुचेना मला. मी देवभोळी नाही, तुला ठाऊक आहे. तू पानावर बाहेर ठेवलेल्या प्रत्येक घासाला मी नाक मुरडलंय. पण मी पदर डोक्यावर घेतला आणि पाण्याकडे तोंड करून हात जोडले. मला शब्द येत नव्हते. तुझेच वापरले. बा म्हाराजा, ह्या पाण्याच्या राखणदारा. तुझ्या घरातलं तुला न विचारता आणलं ते आम्ही. तिने नाही. ती तर तुझं पान ठेवून जेवली. तिला परत दे.

थांबले. आणि मागून मेघाचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघी कोसळलो असतो.

सकाळी तुझी नाडी सुधारली. डोळे उघडून तू आधी मेघाचं पोट बघितलंस आणि मग मला म्हणालीस, "विहीणबाय, तुजां हुमण गेलां गे." तेव्हापासून तू मला कधी तुमी म्हटलं नाहीस, मीही तुला नाही.

आपण निघायच्या आदल्या दिवशी रोझाने मला बाजूला घेतलं. माझं शाळेतलं इंग्रजी आणि तिचं बेटावरचं, पण एवढं कळलं. त्या सकाळी नळावर तू मासा साफ करताना तिने तुला विचारलं होतं, कुठला? तू पाण्याकडे, बोटीच्या जागेकडे हात केलास. तिने मान हलवली, ओठांना हात लावून नको-नको केलं, पोट धरून दाखवलं. मी विचारलं, तिला समजलं? रोझा म्हणाली, हो, तिने मान डोलावली.

पण विहीणबाई, तू तर तिथे सगळ्यांनाच मान डोलवायचीस. भाषा येत नव्हती म्हणून. पोस्टमनला, पाद्र्याला, दुकानातल्या चिनी म्हाताऱ्याला. तेव्हा समजलं होतं की नाही? की तुला वाटलं, त्या बुडालेल्या लोकांच्या जागचं म्हणून ती नको म्हणते आहे, आणि घास ठेवला की भागेल? नव्हतं समजलं तर ती उन्हाची रीत कुठून काढलीस? मी डिचोलीत दहा घरी विचारून आले, असली रीत कुणी ऐकलेली नाही. आणि समजलं होतं, तर टोप ओतून का नाही दिलास? मला का नाही सांगितलंस? वरमाईच्या ताटाला नाव ठेवायचं नाही म्हणून? मी काय वाघ होते का गं? एक वाक्य. "विहीणबाय, हें नुस्तां नाका." मी दोन दिवस फुगले असते आणि संपलं असतं. त्याऐवजी तू ते डोकं स्वतःच्या ताटात घेतलंस, बघू काय होतं म्हणून. आणि विष उशिरा भिनणारं असतं, रात्री भिनणारं असतं, तर? तू संध्याकाळी हिरवा कंदील दिला असतास आणि मेघा पोटभर जेवली असती. या विचाराने मला अजून घाम फुटतो. शूर म्हणू तुला, की मूर्ख? मी दोन्ही म्हणते. आलटून पालटून.

मेघाला मी रोझाचं बोलणं कधी सांगितलं नाही. तू सांगू नको म्हणाली नव्हतीस, पण तुझ्या डोळ्यांत होतं. तिला एवढंच माहीत, आईला मासा बाधला म्हणून तिने टोप ओढला, आणि आपण योगायोगाने वाचलो.

मेघाला आपण बरोबरच घेऊन आलो, आणि तन्वी म्हापशाला जन्मली. धडधाकट, आवाज गावभर. बारशाला तुझ्या हातात चांदीची वाटी दिली तर पोळल्यासारखी खाली ठेवलीस, इतके महिने होऊनही. त्यानंतर मासळी तुला कायमची सुटली. घासभर खाल्ली तरी अंग खाजायचं, ओठ बधिर व्हायचे. काजूसुद्धा बाधायचे, आणि तू डिचोलीकर! सगळ्यांच्या पंगतीत तू मुगागाठीची उसळ घेऊन बसायचीस. मांद्र्याला आलीस की मी भाज्यांचं खतखतें करायचे आणि घरात मासळी आणू द्यायचे नाही. तू ओरडायचीस, "माज्यापायीं पोरांक उपाशी मारतंस?" मी पुन्हा तोच प्रश्न विचारायचे. तू पुन्हा भुकेचं सांगायचीस.

इतक्यांदा विचारलं, पण ज्याच्यासाठी विचारत होते ते बोललेच नाही. उपकार मानायचे होते गं. तोंडातून प्रत्येक वेळी उलटतपासणीच निघायची. शाळामास्तरणीला दुसरं काय येतं? तू हो म्हणाली असतीस, की होतं माहीत, तर मला तुझे पाय धरायची सोय झाली असती. तेच तुला नको होतं बहुतेक.

मागच्या महिन्यात पणजीजवळच्या त्या इस्पितळात मी ठरवूनच आले होते की आज शेवटचं विचारायचं. तुझ्या नाकावर नळी. मेघा औषधं आणायला गेली होती, आपण दोघीच. मी खुर्ची ओढली, तुझा हात हातात घेतला. तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. प्रश्न माझ्या तोंडावर लिहिलेला असणार. मी बोलणार एवढ्यात तू नळी जरा बाजूला केलीस.

"जेवलंस मां तू?"

नाही म्हणाले. "वच, जेवून यो," म्हणालीस. मी खाली कॅन्टीनमध्ये गेले. पाव-भाजी घेतली, अर्धी टाकली. परत आले तर तू झोपलेली. तेच आपलं शेवटचं बोलणं.

हे तुझ्याशी मनात भांडायला बसले तेव्हा मेघा मासा साफ करत होती. आता जेवण तयार झालंय. दारातून सरळ दिसणाऱ्या मागच्या खोलीत पाट मांडलेत, तुझा मुलगा, सून, भावकीतली माणसं. सुतकानंतरचं पहिलं हुमण म्हणून सगळे थांबलेत. कुणी सुरुवात करायची याची आपल्याकडची ती नेहमीची ओढाताण. तुझ्या मुलाने एक पान वाढून राखणदारासाठी कुंपणाच्या गडग्यावर ठेवलं, तू ठेवायचीस तसंच. तन्वी पहिल्या पाटावर बसलीय. तेरा-चौदाची झाली, पण भुकेला दम नाही, अगदी आईसारखी. मेघाने तिच्या ताटात भात घातला आणि डवली टोपात बुडवली.

मी उठले. मला माहीत आहे, हा डिचोलीच्या बाजारातला मासा आहे, आपल्या समुद्रातला. मेघाने कल्लेही बघून घेतले असणार. यात काही नाही. मी सोप्यावरून आत गेले, टोपाजवळचं रिकामं ताट उचललं, डवली तिच्या हातातून घेतली आणि तांबोशाचं डोकं माझ्या ताटात वाढलं. उभ्यानेच. सगळे बघायला लागले. वरमाई, पंगत बसायच्या आधी, उभ्याने!

"आजी," तन्वी म्हणाली, "कोणीच जेवलं नाही अजून. तू आधीच?"

मेघा माझ्याकडे बघत होती. बघतच राहिली. तिने तन्वीचं ताट हळूच आपल्याकडे ओढलं आणि मला कळलं, आई त्या दिवशी आधी का जेवली ते आता हिला कळलं.

"माका भूक लागली गे," मी म्हणाले, आणि पहिला घास घेतला.